सोसण्याचे बळ पुरेसे नाही

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने १९४० च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. निम्म्याहून अधिक मुलांनी गोरी बाहुलीच 'छान' ठरवली. वंशभेद कोवळ्या मनात किती खोल उतरतो, हे त्यातून दिसले. १९५४ च्या 'ब्राऊन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या तळटीपेत या संशोधनाचा दाखला दिला. मात्र मुलांना कणखर होण्याचा उपदेश न करता वंशनिहाय सरकारी शाळाच घटनाबाह्य ठरवल्या.

पुढील संशोधनाने दुसरी बाजूही मांडली. कुटुंबाचा आधार, आपल्या वंशाविषयीचा अभिमान आणि भेदभावाला सामोरे जाण्याची घरातून मिळालेली शिकवण कृष्णवर्णीय तरुणांचे मनोबल टिकवण्यास हातभार लावतात. हे मोलाचेच, परंतु ढाल मजबूत आहे म्हणून वार करणाऱ्याला मोकळीक मिळत नाही. समुपदेशन हवेच, पण शाळांतील पक्षपाती शिक्षा आणि पोलिसांची वागणूकही बदलायला हवी.

आपल्याकडे जातीय अवहेलनेची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ समुपदेशकाकडे धाडून मोकळे होणाऱ्या संस्थांनीही १९५४ चा हा धडा गिरवावा. मनाला आधार द्यावा. उपचार मात्र व्यवस्थेवर करावा.