'अश्मयुगातील माणसे' हा इतिहास नव्हे, निकाल आहे : पापुआच्या बालियम खोऱ्याविषयी

१/ पापुआच्या डोंगराळ प्रदेशातील एखाद्या खेड्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर झळकली, की तिच्याखालची ओळ ठरलेली असते : 'आजही अश्मयुगात जगणारे लोक'. पाहणारा क्षणभर थक्क होतो आणि पुढे सरकतो. वरवर पाहता हे निरुपद्रवी कुतूहल आहे. प्रत्यक्षात हे विधान इतिहासदृष्ट्या चूक आहे आणि त्या चुकीची किंमत तेथील लोकांनी आपली जमीन आणि आपले मत गमावून मोजली आहे.

२/ आधी थोडा भूगोल. न्यू गिनी हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. त्याच्या पूर्वार्धात १९७५ साली स्वतंत्र झालेला पापुआ न्यू गिनी हा देश आहे. पश्चिमार्ध इंडोनेशियात मोडतो. बेटाच्या मधोमध पर्वतरांग आहे आणि तिच्या कुशीतील उंच खोऱ्यांत दाट वस्ती आहे. पश्चिमेकडील बालियम खोऱ्याचा तळच सुमारे १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतका उंच आहे. तेथील दानी लोकांची खेडी हा या धाग्याचा विषय.

३/ पारंपरिक दानी वस्ती म्हणजे कुंपणाने वेढलेले अंगण. त्यात गवताने शाकारलेले पुरुषांचे गोल घर, म्हणजे होनाई. स्त्रियांची स्वतंत्र घरे. एक लांबट सामाईक स्वयंपाकघर आणि डुकरांच्या खोप्या. रात्री हवा बोचरी होते, म्हणून घराच्या मध्यभागी विस्तव असतो. रोजचे अन्न रताळे. लग्नाला वा मर्तिकाला डुकरे कापली जातात आणि खड्ड्यात तापलेले दगड व पाने रचून मांस आणि रताळी एकत्र वाफवली जातात.

४/ आता शेत पाहावे. वाफ्यांच्या भोवती चरांचे जाळे असते. पावसात हे चर पाण्याचा निचरा करतात, उघडिपीत ओल धरून ठेवतात आणि त्यांच्या तळाचा गाळ उपसून वाफ्यांवर टाकला, की तोच खत होतो. चर खणणे हे मुख्यतः पुरुषांचे काम; लावणी, खुरपणी, काढणी हे बहुतांशी स्त्रियांचे. मिठासाठी केळीच्या खांबाचे सोपट खाऱ्या झऱ्यात भिजवून, वाळवून जाळले जाते आणि त्या खारट राखेचेच मीठ होते. ही सारी पिढ्यान्पिढ्या पारखलेली तंत्रे आहेत.

५/ ही शेती किती जुनी? त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर याच पर्वतरांगेच्या पूर्व भागात, पापुआ न्यू गिनीतील वाघी खोऱ्यातल्या कुक या दलदलीत सापडले. १९७० च्या दशकात जॅक गोल्सन यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले. दलदलीच्या काठावरील लागवडीच्या सर्वांत जुन्या खुणा सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तेथे मातीचे उंचवटे रचून पिके घेतली जात होती आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वी निचऱ्याचे चर खणले गेले होते. २००८ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

६/ हे आकडे महाराष्ट्राच्या कालपटावर ठेवून पाहावेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ.स.पू. सुमारे १६०० मध्ये उभी राहिली. तिच्या आधीच कुकच्या शेतकऱ्यांनी पाण्याला शिस्त लावली होती. त्यांच्या पिकांत केळी होती आणि तारो, म्हणजे आपल्या अळूचाच कंद होता. जगभर पसरलेल्या जाड, रसाळ उसाचे माणसाळणेही न्यू गिनीतच झाले असे मानले जाते. आज महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत गाळल्या जाणाऱ्या संकरित उसात त्याच उसाचा वंश आहे. ज्यांना 'मागास' म्हटले जाते, त्यांच्या पूर्वजांचे ऋण असे आपल्या चहाच्या कपापर्यंत येते.

७/ 'काळ तेथे थांबला' हेही असत्यच. गाळातील परागकणांचा पुरावा सांगतो, की हजार-बाराशे वर्षांपूर्वी या डोंगराळ प्रदेशात सुरूची झाडे एकाएकी वाढली. कोकणच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरूचीच ही पर्वतीय भावंडे. जंगल तुटले, तेव्हा लोकांनी लाकडासाठी आणि जमिनीचा कस राखण्यासाठी ही झाडे लावली, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. टंचाई ओळखून आपली पद्धत बदलणाऱ्या समाजाला गोठलेला समाज म्हणता येत नाही.

८/ सर्वांत मोठा बदल मात्र रताळ्याचा. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. ते या खोऱ्यांत सुमारे तीन-चारशे वर्षांपूर्वी, म्हणजे ढोबळमानाने शिवकाळाच्या आगेमागे रुजले असे बहुतेक अभ्यासक मानतात. अधिक उंचीवर, थंड आणि हलक्या जमिनीतही ते येते. त्यामुळे लोकसंख्या वाढली, डुकरे वाढली आणि डुकरांच्या देवघेवीवर उभा असलेला सामाजिक व्यवहारही विस्तारला. ज्या खेड्याला पर्यटक 'अनादि' समजतात, त्याचे आजचे रूप इतके अलीकडचे आहे. महाराष्ट्रातही एकादशीचे रताळे असेच परके पाहुणे. पण म्हणून मराठी स्वयंपाकघर काळाबाहेर आहे, असे कोणी म्हणत नाही.

९/ मग 'अश्मयुग' हा शब्द आला कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनच्या संग्रहालयात सी. जे. थॉमसन यांनी प्राचीन वस्तूंची दगड, कांसे आणि लोखंड अशी मांडणी केली. वस्तूंची कपाटे लावण्यासाठी ती उपयुक्त होती. पुढे त्याच कपाटांत जिवंत माणसे बसवली गेली. दानी लोक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दगडी हत्यारे वापरत होते, हे खरे. पण हत्यार दगडाचे असणे आणि माणूस दहा हजार वर्षे मागे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते १९५० मध्ये जगत होते. १९५० हेच त्यांचे युग होते.

१०/ बाहेरच्या जगाने हे खोरे कसे 'शोधले', तेही पाहावे. जून १९३८ मध्ये रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या अमेरिकी मोहिमेने विमानातून बालियमची आखीव शेते पाहिली. ऑगस्टमध्ये मोहिमेसोबतच्या डच लष्करी तुकडीच्या गोळीने एक दानी पुरुष ठार झाला; मोहिमेच्या लोकप्रिय वृत्तांतात मात्र या मृत्यूचा स्पष्ट उल्लेख आला नाही. १९४५ मध्ये येथे अमेरिकी लष्करी विमान कोसळले आणि वार्ताहरांनी खोऱ्याला 'शांग्री-ला' हे एका कादंबरीतील स्वप्नभूमीचे नाव दिले. १९६२ मध्ये पीटर मॅथिसन यांचे दानी लोकांवरील पुस्तक आले. त्याच्या उपशीर्षकातच 'अश्मयुगातील दोन हंगाम' होते.

११/ त्याच १९६२ साली हा शब्द केवळ पुस्तकी राहिला नाही. १५ ऑगस्टला नेदरलँड्स आणि इंडोनेशिया यांच्यात न्यूयॉर्क करार झाला. ज्यांच्या भूमीचा हा प्रश्न होता, ते पापुअन लोक या कराराचे पक्षच नव्हते. मे १९६३ मध्ये पश्चिमार्धाचा कारभार इंडोनेशियाकडे गेला. पुढे लोकांना स्वनिर्णयाची संधी देण्याचे, आणि त्यात सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना सहभागी करून घेण्याचे आश्वासन करारात होते.

१२/ १९६९ मध्ये तो 'निर्णय' झाला. सुमारे आठ लाख लोकांच्या वतीने एक हजारांहून थोड्या अधिक निवडक प्रतिनिधींना बोलावण्यात आले आणि लष्कराच्या देखरेखीखाली त्यांनी एकमुखाने इंडोनेशियात राहण्याचा कौल दिला. प्रत्येकाला मत का नाही? उत्तर दिले गेले : प्रदेश दुर्गम आहे आणि लोक अद्याप आदिम अवस्थेत आहेत. 'अश्मयुग' या शब्दाने येथे मतपेटीची जागा घेतली.

१३/ दुर्गमता खाणीच्या आड मात्र आली नाही. याच पर्वतरांगेत, अमुंग्मे लोकांना पवित्र असलेल्या पर्वतभूमीत, तांबे आणि सोने होते. त्यासाठी फ्रीपोर्ट या अमेरिकी कंपनीशी इंडोनेशियाच्या सरकारने करार केला १९६७ मध्ये. म्हणजे ही भूमी कोणाची, हे लोकांना विचारण्याच्या दोन वर्षे आधी. मतपेटी पोचू शकत नाही असा जो प्रदेश, तेथे काही वर्षांतच खाणीचा रस्ता पोचला.

१४/ १९७० च्या दशकाच्या आरंभी 'ऑपरेशन कोटेका' सुरू झाले. कोटेका म्हणजे डोंगराळ भागातील पुरुषांचे भोपळ्याच्या सालीचे पारंपरिक आवरण. ते टाकून विजारी घालाव्यात, अशी ही सरकारी मोहीम. मोहीम फसली, पण तिच्यामागची नजर टिकली. ऑगस्ट २०१९ मध्ये सुराबाया शहरात पापुअन विद्यार्थ्यांना 'माकड' म्हणून हिणवले गेले आणि पापुआभर असंतोष उसळला. सप्टेंबरमध्ये बालियम खोऱ्यातील वामेना गावात तीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बाहेरून येऊन वसलेले अनेक होते. शब्दांनी पेटवलेली आग कोणाला जाळायचे, हे विचारत नाही.

१५/ येथे उलट टोकाचाही समाचार घ्यायला हवा. 'निसर्गाच्या कुशीतील निष्पाप स्वर्ग' हे चित्र तितकेच खोटे. दानी वस्त्यांत पिढ्यान्पिढ्यांची युद्धे होती आणि त्यांत माणसे मरत. कुटुंबातील मृत्यूच्या शोकात लहान मुलींच्या बोटांची पेरे तोडली जात. स्त्रियांच्या पाठीवर शेताचा आणि डुकरांचा भार असे. हे लपवणे म्हणजे आदर नव्हे. ज्या समाजाला इतिहास असतो, त्याला भांडणे, चुका आणि सुधारणाही असतात. स्वर्गाला आणि अश्मयुगाला मात्र इतिहास नसतो. म्हणूनच हे दोन्ही शब्द बाहेरच्यांना सोयीचे वाटतात.

१६/ 'दुर्गम' हा शब्दही तपासून घ्यावा. दुर्गम कोणासाठी? दगडी हत्यारे आणि शंख-शिंपले या पर्वतांतून व्यापाराने हातोहात दूरवर जात. तेथील माणसाला आपले खोरे दुर्गम नव्हते. आज रस्ता आला, की विकास आला असे मानले जाते. पण डिसेंबर २०१८ मध्ये न्दुगा भागात ट्रान्स-पापुआ महामार्गाच्या कामगारांची सशस्त्र बंडखोरांनी हत्या केली आणि त्यानंतरच्या लष्करी कारवाईत हजारो ग्रामस्थ घरे सोडून पळाले. रस्त्यावरून आधी औषध येते की बंदूक, हे अंतर ठरवत नाही, सत्ता ठरवते.

१७/ म्हणून पुढच्या वेळी 'अश्मयुगातील माणसे' ही ओळ दिसेल, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच विचारावे : हे कोण म्हणत आहे, आणि असे म्हटल्याने त्याला काय मिळते? बालियमची स्त्री चरातला गाळ उपसून रताळ्याच्या वाफ्यावर टाकते, तेव्हा तिच्या हातांत हजारो वर्षांचे ज्ञान असते, तीन-चारशे वर्षांचे पीक असते आणि डोक्यावर आजच्या राजकारणाचे ओझे असते. ती आपल्याच काळात उभी आहे. १९६९ मध्ये तिच्या आजीला मत विचारले गेले नाही, हा प्रश्नही आपल्याच काळाचा आहे.

(धागा समाप्त)