तापात लोहाची बाटली कशाला?

तापाचा चौथा दिवस. रक्ताचा रिपोर्ट येतो, त्यात 'सीरम आयर्न'पुढे खाली जाणारा बाण असतो, आणि संध्याकाळी लोहाची बाटली सलाईनमधून चढू लागते. "रक्त कमी होतं, भरून घेतलं," असं नातेवाईक नंतर मला समाधानाने सांगतात. या पद्धतीला माझा स्पष्ट विरोध आहे. सुरुवातीच्या वर्षांत अशा बाटल्या मीही लावल्या आहेत, म्हणून तर आज जास्तच बोलतो. आणि त्यासाठी मला माशांची मदत घ्यावी लागणार आहे.

घरच्या फिशटँकमध्ये दिसणारा पट्टेरी झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याच्या पिल्लांची एक फिकट जात शास्त्रज्ञांकडे होती. अंड्यातल्या पिवळ्या भागात लोह भरपूर, पण ते रक्तात येईना. 2000 साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं: पेशीतलं लोह बाहेर सोडणारं दारच बिघडलेलं होतं. या दाराचं नाव फेरोपोर्टिन. तेच दार तुमच्या-माझ्या आतड्यात आणि पांढऱ्या पेशींतही आहे.

दार आहे तसं कुलूपही आहे. ते म्हणजे हेप्सिडिन, यकृतात तयार होणारं छोटंसं संप्रेरक. माणसात ते सापडल्यावर लवकरच, 2002 मध्ये, अमेरिकेत बास जातीच्या माशाच्या कल्ल्यातही मिळालं. या माशांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंची लागण केल्यावर यकृतातली हेप्सिडिनची निर्मिती काही हजार पटींनी वाढली! युरोपातल्या सी-बासमध्ये तर दोन प्रकारची हेप्सिडिनं आहेत, एक लोह सांभाळतं आणि दुसरं जंतूंशी लढतं. आपल्याकडे एकच आहे, पण जंतू आले की तेही वाढतं.

का? कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. गल्लीत दंगल झाली की दुकानदार शटर ओढतो, माल आतच असतो. तापात यकृत नेमकं हेच करतं आणि काही तासांत रक्तातलं लोह उतरतं. रिपोर्टमधला बाण म्हणजे ओढलेलं शटर. आपण मात्र दुकान रिकामं समजून दंगलीतच मालाचा ट्रक उतरवतो. गोळी दिली तरी तेच, आतड्याचं दार बंद असल्याने बरंचसं लोह शौचावाटे जातं. पदरात पडतं बद्धकोष्ठ आणि बिल.

हे पुस्तकी भय नाही. झांझिबारमधल्या पेम्बा बेटावर, मलेरियाच्या प्रदेशात, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं. 2006 साली निष्कर्ष छापले गेले. गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले, म्हणून लोह देणं मध्येच थांबवावं लागलं होतं. ज्या मुलांत लोहाची खरी कमतरता होती त्यांना मात्र फायदाच झाला.

म्हणून हे वाचून कुणी चालू गोळ्या बंद करू नका. गरोदरपण, पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याधीचं रक्त, इथे लोह हवंच. हिमोग्लोबिन धोकादायक पातळीवर असेल तर रक्त द्यायचं की नाही, हा निर्णय वेगळा आहे आणि तो डॉक्टरांनाच घेऊ द्या. गोळीचा एक डोससुद्धा दिवसभर हेप्सिडिन वाढवून ठेवतो. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या स्त्रियांत 2017 मध्ये दाखवलं, की एक दिवस आड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त शोषलं जातं. तेव्हा 'दिवसातून दोनदा'चा हट्टही आपण सोडायला हवा.

तापात फेरिटिनची तपासणीही फसवते, कारण साठा कमी असला तरी ते वाढलेलं दिसतं. लोहाच्या तपासण्या ताप जाऊन दोन-तीन आठवड्यांनी करा. तेव्हाही बाण खालीच असेल, तर माझ्याकडे या. मग गोळीही लिहून देईन आणि रक्त कुठे जातंय तेही शोधू.