तलवार न घेतलेला तारणहार आणि दोन मराठी माणसे

१/ वेल्ह्याच्या मुलखात राजगड आणि तोरणा, भोरच्या मुलखात रोहिडा आणि रायरेश्वर. या डोंगरांचा इतिहास वाचत वाढलेल्या आपल्या मनात 'तारणहार' म्हटले की एक प्रतिमा उभी राहते: तो गड घेतो, माणसे जोडतो, जुलमी सत्ता मोडतो. आजचा धागा अशा श्रद्धेविषयी आहे, जिचा तारणहार गड घेत नाही आणि तलवारही उचलत नाही.

२/ पहिल्या शतकातला यहूदिया प्रांत डोळ्यांसमोर आणा. राज्य रोमचे, कर रोमचा, फौज रोमची. दावीद राजाच्या वंशात एक अभिषिक्त राजा जन्मेल आणि परकी सत्ता उलथून टाकील, अशी आशा अनेक यहुदी बाळगून होते. आदिलशाही अंमलाखालच्या मावळांची कथा ज्यांना पाठ आहे, त्यांना ही आशा निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

३/ आणि समोर आला तो नासरेथ गावचा येशू, एका सुताराच्या घरातला. शुभवर्तमाने सांगतात की, यरुशलेमेत तो गाढवावर बसून आला आणि शिष्यांचे पाय त्याने स्वतः धुतले. हे काम त्या काळी दासांचे. पुढे रोमन अधिकारी पिलात याच्या हुकुमाने त्याला वधस्तंभावर चढवण्यात आले. ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी असे.

४/ राजाची वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपायला हवे होते. त्याच्या अनुयायांनी मात्र म्हटले, 'हाच तो. आणि तो मरणातून उठला आहे.' पुनरुत्थान हा श्रद्धेचा विषय. इतिहासाच्या साधनांनी त्याचा निवाडा होत नाही. परंतु पराभूत दिसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवून त्यांनी 'तारणहार' या शब्दाचा अर्थच बदलला, ही इतिहासाने नोंदवलेली गोष्ट आहे.

५/ आता आपल्याकडची अडचण. हा नम्र तारणहार गोव्यात आला तो पोर्तुगीज सत्तेच्या जोडीने. १५१० मध्ये गोवा जिंकले गेले, पुढे देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

६/ यावरून 'ख्रिस्ती धर्म म्हणजे राज्यकर्त्यांचा धर्म' असा निष्कर्ष अनेक तरुण वाचक काढतात. माझ्या मते तो अपुरा आहे. त्यात दोन मराठी माणसे बसत नाहीत. दोघांनी ख्रिस्त स्वीकारला आणि त्याच ख्रिस्ताच्या आधारे ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारले.

७/ पहिल्या पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची मायेने शुश्रूषा करत होत्या. असे का, हे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली.

८/ कथा अशी: भर दुपारी विहिरीवर येशू एका परक्या, हीन मानलेल्या जमातीच्या स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी तर त्या लोकांशी संबंधच ठेवत नसत. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते. तेथे १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजात पाणी कोण कोणाला देतो यावर माणसाची पायरी ठरते, तिथे पाणी मागणारा देव किती अनपेक्षित असेल, हे आपण जाणतो.

९/ त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला; पण त्या कोणाच्या आज्ञाधारक शिष्या झाल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ठाम विरोध केला. पुढे पुणे जिल्ह्यातल्याच केडगावी त्यांनी 'मुक्ती सदन' उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून आणलेल्या अनाथ मुलींना आणि विधवांना त्यांनी आसरा दिला.

१०/ त्यांच्यावर टीकाही झाली. शारदा सदनात धर्मांतराला वाव मिळतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा वाद गंभीर होता आणि तो टाळून रमाबाईंचे चरित्र सांगता येत नाही. पण टाकलेल्या स्त्रीला पंगतीत मानाने बसवणे त्यांनी कोठून घेतले, याचे उत्तर त्या विहिरीच्या कथेत आहे.

११/ दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. डोंगरावरील प्रवचन वाचून ते ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांचा ख्रिस्त मराठी भजनांतून बोलतो, कारण ज्ञानोबा-तुकोबांची वाट त्यांनी सोडली नव्हती. जनीबरोबर दळणारा विठ्ठल ज्या भाषेला ठाऊक आहे, तिला दासाचे काम करणारा प्रभू परका वाटण्याचे कारण नव्हते.

१२/ १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी पगार आणि परदेशी थाट यांचे ओझे त्यांना त्यांच्या ख्रिस्ताशी विसंगत वाटत होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

१३/ म्हणून माझे मत असे की, कोणत्याही श्रद्धेची परीक्षा तिच्या स्वतःच्या मापाने घ्यावी. पाय धुणाऱ्या गुरूचे नाव घेऊन देऊळ पाडणारा त्या मापाला उतरत नाही. भारतातल्या ज्या चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळ्या रांगा राहिल्या, तेही उतरत नाही. हे माप रमाबाईंनी आणि टिळकांनी आपल्या भाषेत वापरून दाखवले.

१४/ राजगडावर उभे राहून पराक्रमाचा अभिमान जरूर बाळगावा. जुलमाविरुद्ध तलवार उचलणाऱ्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण गड जिंकल्यावरही दुष्काळातली विधवा आणि पाण्यावाचून ठेवलेला माणूस शिल्लक राहतो. त्याच्याकडे कोण गेले, याचीही नोंद इतिहासात हवी. पुढच्या वेळी पुण्याहून निघाल, तेव्हा गडांच्या यादीत केडगावही लिहा.