योगायोग कीं गुण?

एकत्र कुटुंबांत औषधाच्या गुणाचा निवाडा बहुधा असा होतो. घरांत सहा मुलें. तिघांना आजींनीं काढा पाजला, तिघांनीं तो घेतला नाहीं. पुढें साथींत दोन मुलें तापानें पडलीं आणि तीं दोन्हीं काढा न घेतलेल्यांपैकींच निघालीं. झालें! काढा रामबाण ठरला. आजींच्या अनुभवाचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ही साक्ष कितपत बळकट आहे, हें पाहणें अवश्य आहे.

आपल्या शास्त्रकारांची पद्धति अशी कीं, प्रथम पूर्वपक्ष सर्व बळानिशीं मांडावा आणि मग त्याचें खंडन करावें. संख्याशास्त्राचीही रीति हीच होय. येथें पूर्वपक्ष असा: काढ्यांत कांहींच गुण नाहीं, जीं दोन मुलें पडावयाचीं होतीं तीं कोणत्याही परिस्थितींत पडलीं असतीं. आतां सहांतून दोन मुलें निवडण्याचे प्रकार पंधरा; त्यांपैकीं दोन्हीं मुलें काढा न घेतलेल्या तिघांतलींच असण्याचे प्रकार तीन. म्हणजे निव्वळ योगायोगानेंही ही गोष्ट पांचांत एकदां घडेल. विसांत एकदांहून कमी संभव असल्याखेरीज पूर्वपक्ष सोडूं नये, असा सामान्य प्रघात आहे. तेव्हां काढ्याचा गुण असिद्ध राहिला. असिद्ध म्हणजे खोटा नव्हे. सहा मुलांची साक्ष अपुरी पडली, इतकेंच.

पुरेशी साक्ष कशी असते, याचा उत्तम दाखला अमेरिकेंत सन १९५४ मध्यें झालेल्या डॉ. जोनास सॉल्क यांच्या पोलिओवरील लशीच्या परीक्षेंत सांपडतो. हा रोग मुलांना जन्माचें पांगळेपण देणारा. पण वर्षाकांठीं लाखांत सुमारें पन्नास मुलांनाच होणारा. हजार-दोन हजार मुलांना लस टोंचून कांहींच उमगलें नसतें. म्हणून डॉ. थॉमस फ्रान्सिस यांच्या देखरेखीखालीं, ज्यांच्या आईबापांनीं संमति दिली अशा चार लाखांवर मुलांची, जणूं चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत विभागणी झाली. २,००,७४५ मुलांना लस मिळाली. २,०१,२२९ मुलांना तसाच दिसणारा औषधहीन द्रव. कोणास काय मिळालें, हें आईबापांस ठाऊक नव्हतें आणि तपासणाऱ्या डॉक्टरांसही नव्हतें. पहिल्या गटांत ५७ मुलांस पोलिओ झाला, दुसऱ्यांत १४२ मुलांस.

पुन्हां पूर्वपक्ष मांडूं. लस निरुपयोगी असेल, तर गट जवळजवळ सारखे असल्यामुळें १९९ रुग्णांपैकीं प्रत्येक जण कोणत्या गटांतला, हें नाणेफेकीसारखें होईल. १९९ वेळां नाणें उडविलें, तर शंभरांत पंचाण्णव खेपांस छाप ८६ ते ११३ च्या दरम्यान पडेल. ५७ इतकी कमी छाप पडणें कोटि खेपांतही संभवत नाहीं. पूर्वपक्ष कोसळला आणि १२ एप्रिल १९५५ रोजीं लशीचा गुण जाहीर झाला.

चिठ्ठ्या टाकण्याचें महत्त्व मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. ज्या आईबापांनीं संमति नाकारली, त्यांच्या मुलांत रोगाचें प्रमाण लाखांत ४६ होतें. औषधहीन द्रव मिळालेल्यांत तें ७१ होतें! कारण संमति देणारीं कुटुंबें बहुधा सुस्थित व सुशिक्षित. अस्वच्छ वस्तींतील बालकांस आईकडून आलेलें संरक्षण अंगांत असतांनाच या रोगाची बाधा होऊन जाई व पुढें ते सुरक्षित राहत. स्वच्छ घरांतील मुलांस ती उशिरां गांठी. अशा मुलांशीं तुलना केली असती, तर लशीचा गुण प्रत्यक्षाहून कमी भासला असता.

तेव्हां, ‘शंभरांत नव्वदांस गुण’ अशी जाहिरात दिसली कीं तीन प्रश्न विचारावे. एकंदर माणसें किती होतीं? औषध न घेतलेल्यांत बरे झालेले किती? आणि कोणीं घ्यावें व कोणीं घेऊं नये, हें कसें ठरविलें? उत्तर न मिळाल्यास पैशाची पिशवी बंद ठेवावी. मन मात्र उघडें ठेवावें.