तिला ‘आजारी’ म्हणा!

परवा वेंगुर्ल्याहून सावंतवाडीला निघालेल्या एस.टी.त पुढच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या. आपल्याकडे एस.टी.तलं बोलणं म्हणजे अर्ध्या गाडीने ऐकायचं बोलणं! विषय होता एकीच्या पुतणीचा.

‘‘बाळंत होवन दोन म्हयने झाले. पण चेडवाक जवळ घेणा नाय. बसता थंय बसता आणि रडता.’’

‘‘वारो बिरो लागलो नाय मा? गाऱ्हाणा घातल्यात?’’

‘‘घातला. काय फरक नाय. सासू म्हणता, सगळी नाटका. कामा चुकवच्यासाठी.’’

‘‘संबाळा गे बाय. नायतर रत्नागिरीक न्हेवची पाळी येतली!’’

तुळस येईपर्यंत त्या पोरीला वाऱ्यापासून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयापर्यंत सगळं लागू करून झालं होतं. एकच साधा शब्द दोघींपैकी कुणाच्या तोंडून निघाला नाही. तो म्हणजे ‘आजारी’.

मैत्रिणींनो, शब्दाने काय होतं, असं आपल्याला वाटतं. पण घरातल्या बाईला आपण कोणता शब्द लावतो, त्यावर तिला डॉक्टरकडे न्यायचं, भगताकडे न्यायचं, माहेरी पाठवायचं की सरळ दुर्लक्ष करायचं, हे ठरतं. औषध नंतर येतं, आधी शब्द येतो.

टाल्कॉट पार्सन्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली एक कल्पना मांडली. डॉक्टरी आणि मानसशास्त्राच्या अभ्यासात ती आजही शिकवतात. तिचं नाव ‘सिक रोल’, म्हणजे आजारी माणसाची भूमिका. मी तिला आपल्या भाषेत ‘आजारपणाची रजा’ म्हणते. पार्सन्सचं म्हणणं असं की, आजारी पडणं ही नुसती शरीराची गोष्ट नाही, समाज त्या माणसाला एक परवानगी देत असतो. माणूस आजारी आहे असं सगळ्यांनी मान्य केलं की त्याला दोन सवलती मिळतात. एक, रोजच्या कामातून सुटका. दुसरी, ‘हे तुझ्यामुळेच झालं’ असा दोष त्याला द्यायचा नाही. बदल्यात त्याने दोन गोष्टी करायच्या. बरं व्हायची इच्छा ठेवायची आणि जाणकाराची मदत घ्यायची.

आता आपल्या घरात बघा. कुणाचा हात मोडला, प्लॅस्टर घातलं की ते पांढरं प्लॅस्टर म्हणजेच रजेचा अर्ज! शेजारीण पेज घेऊन येते, नणंद भांडी घासते. पावसाळ्यात लेप्टोचा ताप आला तर अख्खी वाडी चौकशीला येते. पण ज्या दुखण्याला प्लॅस्टर नाही, ताप नाही, रक्ताच्या रिपोर्टात काही निघत नाही, त्याची रजा कोण मंजूर करणार? त्यातून बाई असेल तर विचारूच नका. लावणी आहे, गणपती आहेत, काजीचा हंगाम आहे. बाईला साध्या तापाची रजा मिळताना मारामार, तिथे मनाच्या दुखण्याची काय कथा!

म्हणून मग अशा बाईसाठी आपल्याकडे दोनच शब्द उरतात. एक ‘नाटक’ आणि दुसरा ‘वेड’.

‘नाटक’ म्हटलं की रजा नामंजूर. तिने उठायचं, चूल पेटवायची, पोराला घ्यायचं. वर आळशीपणाचा शिक्का. आणि ‘वेड’ म्हटलं की उलटं. कायमची रजा! मग तिला कुणी काही विचारतच नाही. तिच्या बोलण्याला किंमत नाही, घरातल्या निर्णयात ती नाही. खरोखर पोटात दुखलं तरी ‘तिचं काय ऐकता’ म्हणून सोडून देतात. एका शब्दाने तिला जास्त काम मिळतं, दुसऱ्याने तिचं माणूसपण जातं. मधला, उपचाराकडे नेणारा ‘आजारी’ हा शब्द काही तिच्या वाट्याला येत नाही.

हे फक्त आपल्या गावंढळ समजुतींमुळे होतं असंही समजू नका. शिकलेल्या डॉक्टरांनीही हेच केलं. ‘हिस्टेरिया’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला. बाईला भोवळ आली, रडू आवरलं नाही, हातपाय लुळे पडले की शेकडो वर्षं त्याचं खापर गर्भाशयावर फुटलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून हे नाव १९८० साली गेलं. यादीतून गेलं, आपल्या जिभेवरून मात्र नाही. ‘तिला हिस्टेरियाचे झटके येतात’ असं कुजबुजत्या आवाजात आजही सांगितलं जातंच की!

आता त्या पुतणीकडे वळू. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं, हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. पण त्यानंतरही उदासी गेली नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, ‘मी वाईट आई आहे’ असं सारखं मनात येतं, तर ते नाटक नव्हे आणि वाराही नव्हे. तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. तो काही विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर साधारण पाचातल्या एकीला असा मानसिक त्रास होतो, त्यात मुख्यतः नैराश्य.

लांबचं कशाला, आपल्या शेजारच्या गोव्याचंच उदाहरण घ्या. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा इस्पितळात आलेल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं दिसलं. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणं कोणती? पैशांची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं! म्हणजे ‘वारा’ बाहेरून येत नव्हता, घरातूनच वाहत होता.

इथे मला स्वतःचीच एक गोष्ट कबूल करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ बाळंत झाली तेव्हा तीही अशीच गप्प झाली होती. मी तिला म्हटलं होतं, ‘‘आम्हीपण काढली गो बाळंतपणं. एवढे लाड कोणी केले नाहीत आमचे!’’ मला वाटलं, मी तिला धीर दिला. पुढे कितीतरी वर्षांनी, आम्ही दोघी कोकमं सुकवत बसलो असताना ती सहज बोलून गेली, ‘‘वहिनी, त्या दिवसांत मला विहिरीवर एकटीने पाण्याला जायची भीती वाटायची. पाय घसरेल म्हणून नाही...’’ पुढचं ती बोलली नाही, मला ते समजलं. नाटक म्हणून मी जिची रजा नामंजूर केली, ती रोज विहिरीशी झगडून घरी येत होती. ती वाचली, ते तिच्या नशिबाने. माझ्या शहाणपणाने नव्हे.

शब्द बदलला तर खरंच फरक पडतो का? जपानने ते करून दाखवलंय. स्किझोफ्रेनिया या आजाराला तिथे जे नाव होतं, त्याचा अर्थ ‘मन दुभंगल्याचा आजार’ असा व्हायचा. आपल्या ‘छिन्नमनस्कता’सारखाच. रुग्णांच्या घरच्यांनी १९९३ साली हे नाव बदलायची मागणी केली आणि २००२ साली नवं, सौम्य नाव आलं. आजार तोच होता. पण रुग्णाला त्याच्या आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं जाण्याचं प्रमाण दोन-तीन वर्षांतच ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. जुना शब्द उच्चारायला डॉक्टरांचीही जीभ अडखळत होती, असाच त्याचा अर्थ. आणि आजाराचं नावच माहीत नसेल, तर माणूस उपचाराला टिकणार कसा?

आपल्या कायद्यानेही भाषा बदलली आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता. १९८७ साली ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर स्पष्ट सांगितलंय की, मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी भ्रमिष्ट ठरत नाही. ते ठरवायचं तर न्यायालयाने. ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणत सुनेला माहेरी पोचवणाऱ्यांनी हे नीट ऐकून ठेवावं.

मात्र एक सांगते, शब्द स्वस्तही करू नका. कामवाली आली नाही की ‘मला डिप्रेशन आलंय’, मुलगा अभ्यास करत नाही की ‘मेंटल आहे नुसता’... असं म्हणत गेलो तर खऱ्या आजाऱ्याचं बोलणंही कुणाला खरं वाटत नाही.

तर करायचं काय? पहिलं म्हणजे, निवाडा देण्याआधी विचारायचं. ‘‘झोप लागते का गो? जेवण जातं का? मनात वाईट विचार येतात का?’’ असं विचारल्याने वाईट विचार डोक्यात शिरतात, ही भीती खोटी आहे. उलट तिला मोकळं व्हायला वाट मिळते. दुसरं, आशाताईला, नर्सबाईंना सांगायचं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवायचं. पुढे कुठे जायचं ते तेच सांगतील. शासनाची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. बाईला भास होत असतील, ती विचित्र बोलत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार तिच्या मनात येत असतील, तर मात्र तिला एकटी सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला. पण दवाखान्यात जाता जाता!

आणि तिसरं, तिला रजा द्यायची. चार दिवस तिच्या हातचं काम आपण करायचं, बाळाला आपण बघायचं, तिला झोपू द्यायचं. गोव्यात गावातल्याच साध्या बायकांना शिकवून आजारी आयांकडे पाठवलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसलं, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. त्या काही मोठ्या डॉक्टर नव्हत्या, तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

त्या दिवशी सावंतवाडीला उतरताना मी त्या पुतणीच्या आतेला गाठलं. म्हटलं, ‘‘ताई, ऐकलं म्हणून रागावू नका. तुमच्या पुतणीला डॉक्टरना दाखवा. ती आजारी असेल.’’ तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘आजारी? तसा कोणी म्हटलाच नाय तिका.’’

आपल्या घरात, शेजारी अशी कुणी गप्प बसलेली असेल, तर निदान तुम्ही तरी म्हणा!