नक्कल आहे; पण ती कामी येईल काय?

लोणावळ्यानजीकच्या औंढे गावातील शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क एके काळी तलाठ्याच्या दप्तरात नोंदला जाई. आज तो संगणकातील नोंदीत आहे. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि कचेरीचे हेलपाटे पुष्कळ वाचले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु मावळात जमिनीला सोन्याचा भाव आलेला असताना एका फेरफाराची नोंद नाहीशी होणे म्हणजे एका कुटुंबाच्या पायांखालची जमीनच सरकणे होय. अशी नोंद उद्या नष्ट झाली, तर ती परत आणता येईल काय?

‘नकला ठेवलेल्या आहेत’ एवढे उत्तर पुरेसे नाही. गिटलॅब ही तर संगणकाच्या आज्ञावल्या सांभाळण्याचाच व्यवसाय करणारी कंपनी. तेथे 31 जानेवारी 2017 रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग योजलेले होते. ऐन वेळी त्यांतील एकही भरवशाचा निघाला नाही. नित्याची नक्कल निघतच नव्हती, आणि ती निघत नसल्याचा इशाराही कोणापर्यंत पोहोचत नव्हता! अखेर दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटने लाज राखली. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.

स्नॅपशॉट म्हणजे साठ्याची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती. चुकून पुसलेले त्यातून झटपट परत मिळते; पण तो बहुधा मूळ साठ्याबरोबर एकाच यंत्रात राहतो. यंत्र जळाले की दोन्ही गेले. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत किती फायलींची राख झाली, याचे स्मरण असणारास अन्यत्र ठेवलेल्या नकलेचे महत्त्व सांगावयास नको.

शासनाने नकला ठेवल्या नसतील, असे आम्ही म्हणत नाही. त्या उघडून पाहाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. दरवर्षी एका तालुक्याचे दप्तर केवळ नकलेवरून पुन्हा उभे करावे, ते मूळ नोंदींशी ताडून पाहावे, आणि त्यास किती वेळ लागला व किती तासांच्या नोंदी हाती आल्या नाहीत, हे जनतेस सांगावे. आरंभ मावळापासून करावा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय येथे परवडणारी नाही.