मातीत उतरण्याआधी

भाचा म्हणाला, "मामा, डर्ट ट्रॅकवर उतरायचंय. जुनी आरएक्स १०० घेऊ?" यामाहाची ही ९८ सीसी टू-स्ट्रोक गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली. अश्वशक्ती ११, वजन शंभर किलोच्या आसपास. हलकी आहे, पळतेही. पण बाळा, मुळात ती रस्त्याची गाडी. उड्यांसाठी बांधलेली नाही. आमचा मिस्त्री म्हणतो तसं, "नोडि तगो!" रंगाला भुलू नकोस. हँडलच्या मुळाशी चेसिसला वेल्डिंग दिसलं, तर सरळ उठून ये. क्रँकचा खडखडाट ऐक. इंजिन नंबर आरसीशी ताडून बघ. सगळे पैसे गाडीत घालू नकोस; हेल्मेट, बूट, गुडघ्याचं पॅड आधी. गाडी मोडली तर मिस्त्री आहे. तू मोडलास, तर ताईला मी काय सांगू?